जयंतीची वर्गणी आणि वस्तीतले दुकान

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत वर्गणीची पावतीपुस्तके बाहेर निघतात. रिक्षावाला, सफाई कामगार, शिक्षक, बँकेतला कारकून, प्रत्येक घर ऐपतीप्रमाणे देते आणि आनंदाने देते. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण १४ एप्रिलला हा पैसा कोणाकोणाच्या हाती गेला, याचा हिशेब आम्ही गेल्या वर्षी विहारात मांडला तेव्हा बैठक गप्प झाली. मंडप बाहेरचा, लाऊडस्पीकर बाहेरचा, बॅनरची छपाई बाहेरची, भोजनदानाचा शिधासुद्धा बाहेरच्या दुकानातला. वस्तीतल्या माणसाला दिलेले काम एकच होते. निळे झेंडे एका भगिनीने शिवले होते. जयंतीला दीड महिना उलटला तरी फक्त तिचेच पैसे द्यायचे राहिले होते. मंडपवाल्याने आगाऊ रोख घेतल्याशिवाय एक बांबू रोवला नव्हता.

"ताई आपल्याच आहेत, देऊ सावकाश," असे खजिनदार म्हणाले. माणूस प्रामाणिक आहे. पण आमच्या समाजातला धंदा का उभा राहत नाही याचे निम्मे उत्तर या एका वाक्यात आहे.

उरलेले निम्मे उत्तर जातीत आहे, ते आधी सांगतो. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि तो बंद पडला. एवढ्या विद्वत्तेचीही ही गत झाली! पुढे राज्यघटनेच्या कलम १५(२) ने आम्हाला कोणत्याही दुकानात, हॉटेलात जाण्याचा हक्क दिला. पण आमच्या दुकानात इतरांनी यावे यासाठी कोणते कलम लावणार? अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला, ते योग्यच झाले. मात्र आडनाव वाचून गुपचूप पुढच्या दुकानात जाणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध पुरावा कुठून आणायचा?

म्हणून आमच्या दुकानदाराचे पहिले गिऱ्हाईक आम्हीच असणार. वस्तीतले दुकान ही केवळ पोटापाण्याची सोय नाही. मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना गावचा दुकानदार वाणसामान देणे बंद करतो आणि त्यांची कोंडी होते, हे त्या अहवालात नोंदलेले आहे. ज्या वस्तीत मीठ-पीठ विकणारा आपला माणूस आहे, तिची अशी कोंडी करणे सोपे नाही.

आमच्या वस्तीत असा एक तरुण आहे. पदवी घेतली, नोकरी लागली नाही, आईचे दागिने मोडून किराणा दुकान घातले. दोन वर्षांपूर्वी तो उधारीची वही घेऊन आमच्याकडे आला. पानोपानी ओळखीची नावे. वकील म्हणून आम्ही त्याला सांगितले की विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि देणेकऱ्याने मुदतीत सही करून बाकी लेखी कबूल केली तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. तो हसला. "साहेब, सही मागितली तर उद्यापासून दुकानात कोण येईल?" त्याचे बरोबर होते. ज्यांच्या घरच्या पुण्यानुमोदनाला जायचे त्यांच्यावर दावा कसा लावणार? हीच मंडळी मॉलमध्ये मुकाट्याने रोख मोजतात.

याच्या उलट चित्र ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर दिसते. पुस्तके, कॅलेंडर, मूर्ती, लॉकेट यांचे स्टॉल रात्रभर चालतात. शंभर रुपये रोजाचा हिशेब करणारा माणूस तिथे रोख देऊन ग्रंथ घेतो, उधारी मागत नाही. तिथे विक्रेता शेजारी नसतो, म्हणून का? आम्हाला तसेच वाटते. ओळख झाली की आपण गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणे होतो.

दुकानदारांनाही दोन शब्द. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला म्हणून भेसळीचे तेल खपवायचा परवाना मिळत नाही. भाव बाजारापेक्षा चढा असेल तर बचत गटातल्या बाया येणार नाहीत, आणि येऊही नये. भाव चढतो कारण एकटा दुकानदार थोडा माल उचलतो. तीन वस्त्यांतल्या दुकानदारांनी घाऊक बाजारातून एकत्र माल आणला आणि गटांनी महिन्याच्या सामानाची यादी आधी दिली, तर तो उतरू शकतो.

झेंडे शिवणाऱ्या ताईंना आम्ही उद्यम नोंदणी करायला लावली. ती ऑनलाइन होते, फी लागत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा, असा आदेश २०१२ पासून आहे. नोंदणीच नसेल तर तो वाटा मागायचा कोणी? शिवाय २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. या कायद्यातला खरेदीदार म्हणजे केवळ मोठी कंपनी नव्हे. मोबदला देऊन माल घेणारा कोणीही. म्हणजे आमची जयंती उत्सव समितीसुद्धा! बैठकीत हे वाचून दाखवल्यावर खजिनदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

यंदा ठराव झाला की वस्तीत होण्यासारखे काम वस्तीतच द्यायचे, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली १५ एप्रिलला. शिधाही आपल्याच दुकानातून, रोखीने. ताईंना मार्चमध्येच निम्मे पैसे मिळाले. त्यातून कापड घेतले आणि किराणा दुकानातली स्वतःची उधारी फेडली. त्या तरुणाने वहीतल्या त्यांच्या पानावर रेघ मारली. बाकीची पाने अजून तशीच आहेत आणि त्यांतली दोन नावे समितीतली आहेत.