एपीटीच्या जागी डीएनएफ लिहिलं की झालं?

उबुंटूवर वेब सर्व्हर उभा करणारी स्क्रिप्ट रॉकी लिनक्सवर न्यायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो : ‘एपीटीच्या जागी डीएनएफ लिही, बाकी सगळं लिनक्सच आहे.’ सल्ला अगदीच खोटा नाही. कर्नल तोच, शेल बहुतेक ठिकाणी बॅश, अपाचीही तोच. पण त्या अपाचीला कुठे ठेवायचं, कोणाच्या नावाने चालवायचं, कधी सुरू करायचं आणि काय करू द्यायचं नाही, हे प्रत्येक डिस्ट्रोने आपापलं ठरवलेलं असतं. पॅकेज मॅनेजरचं नाव हा त्यातला सगळ्यात किरकोळ फरक.

गैरसमज : पॅकेज टाकलं की सर्व्हर चालू

डेबियन आणि उबुंटूवर हे खरं आहे. तिथे पॅकेजचं आणि सर्व्हिसचं नाव ‘अपाची२’, आणि पॅकेज बसताक्षणी सर्व्हिस सुरूही होते. रेड हॅट, फेडोरा, रॉकी, अल्मा या घराण्यात नाव ‘एचटीटीपीडी’, आणि पॅकेज बसलं तरी सर्व्हिस बंदच राहते. ती तुम्ही सिस्टिमसीटीएलने मुद्दाम चालू करायची आणि रीबूटनंतर आपोआप उठावी म्हणून ‘एनेबल’ही करायची. दोन्ही धोरणांना आपापलं कारण आहे. मला दुसरं पटतं. डेबियनवर तुमचं कॉन्फिगरेशन लिहून व्हायच्या आधीच सर्व्हर ८० नंबरच्या पोर्टवर जगाला आपलं डिफॉल्ट पान दाखवत बसलेला असतो.

युजरची नावंही सारखी नाहीत. डेबियन घराण्यात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’, रेड हॅटकडे ‘अपाची’, ओपनसुसेवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरन’, आर्चवर नुसतं ‘एचटीटीपी’. साइट चालू करणारी ‘ए२एनसाइट’ ही कमांड डेबियनकडची. रेड हॅटकडे ती नाहीच, तिथे कॉन्फ-डी फोल्डरात फाइल टाकली की ती वाचली जाते. हे फरक एका अर्थी भले आहेत. स्क्रिप्ट चुकली की लगेच ‘असा युजर नाही’, ‘अशी कमांड नाही’ म्हणून ओरडते. खरा घात करतात ते न ओरडणारे फरक.

त्यातला एक फायरवॉल. रेड हॅट घराण्याच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये फायरवॉलडी चालू असतो आणि त्यात एचटीटीपी बंद असतं. उबुंटूवर यूएफडब्ल्यू असतो, पण मुळात निष्क्रिय. त्यामुळे उबुंटूवर वाढलेल्या स्क्रिप्टमध्ये फायरवॉलची ओळच नसते. कोणी ती घातली, तरी ‘पर्मनंट’ हा पर्याय देऊन नियम लिहितात आणि पुढचं ‘रीलोड’ विसरतात. नियम फाइलीत जातो, चालत्या फायरवॉलला त्याचा पत्ताच नसतो. अशा वेळी सर्व्हरवरच बसून लोकलहोस्टला कर्ल मारून पाहिलं तर सगळं छान दिसतं. तपासायचं ते दुसऱ्या मशीनवरून.

गैरसमज : ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे सीएचमॉड ७७७

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त तास इथेच जातात. रॉकीवर एनजिनएक्स टाकला, त्याच्यामागे ३००० पोर्टवर नोडचं ॲप आहे. ब्राउझरात ५०२ येतो. एनजिनएक्सचा एरर लॉग उघडला तर ॲपशी जोडणी फसल्याची ओळ दिसते आणि कंसात १३ हा आकडा, पुढे ‘परमिशन डिनाइड’. हा आकडाच सगळं सांगतो. ॲप बंद असतं तर १११ आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं असतं. १३ म्हणजे ॲपपर्यंत जायलाच कर्नलने मनाई केली. फोल्डरांना ७७७ देऊन काही होत नाही, कारण अडवणूक फाइलींच्या परवानग्यांची नाहीच. ती एसई-लिनक्सची आहे. त्याच्या नियमांत वेब सर्व्हरने असं मनास येईल त्या पोर्टवर जोडणी करणं मुळात बंद असतं, आणि ते उघडायला ‘एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट’ नावाचं एक बटण आहे. सेटसेबूलने ते चालू करायचं, सोबत मोठ्या ‘पी’चा पर्याय द्यायचा, म्हणजे रीबूटनंतरही टिकतं.

त्याचाच भाऊबंद ४०३. साइटच्या फाइली होम फोल्डरातून ‘एमव्ही’ने वेब फोल्डरात हलवल्या की त्या आपलं जुनं लेबल घेऊनच जातात, आणि अपाची त्यांना हात लावू शकत नाही. ‘सीपी’ने नेल्या असत्या तर नव्या जागेचं लेबल मिळालं असतं. स्क्रिप्टमध्ये फाइली ठेवून झाल्यावर रिस्टोअरकॉनची एक ओळ घातली की हा प्रश्न मिटतो. उबुंटूवर ॲपआर्मर असतो आणि वेब सर्व्हरवर सहसा त्याचा असा पहारा नसतो, म्हणून तिकडून आलेल्या माणसाला हे प्रकरण नवं वाटतं. मग तो एसई-लिनक्सच बंद करतो. ‘सेटएनफोर्स ०’ने सगळं चालतं, पण पुढच्या रीबूटपर्यंतच. नंतर साइट का पडली, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

गैरसमज : एसएच म्हणजेच बॅश

उबुंटूने २००६ साली ६.१० या आवृत्तीत ‘एसएच’ या नावामागे बॅशऐवजी डॅश बसवला. तो छोटा आणि चटपटीत, त्यामुळे मशीन लवकर उठतं. डेबियनने पुढे तेच केलं. रेड हॅटकडे मात्र त्या नावामागे बॅशच आहे. म्हणून दुहेरी चौकटी कंसांची अट तिकडे चालते आणि उबुंटूवर फसते. फसते तीही कशी पाहा. ‘डिस्ट्रो उबुंटू असेल तर एपीटी, नाही तर डीएनएफ’ अशी अट दुहेरी कंसांत लिहून स्क्रिप्ट एसएचने चालवली, की डॅश म्हणतो अशी कमांड नाही. अट खोटी ठरते, स्क्रिप्ट न थांबता ‘नाही तर’च्या वाटेला लागते, आणि उबुंटूवर डीएनएफ शोधू लागते. पहिल्या ओळीत बॅशचं नाव लिहिलं असलं तरी चालवताना आधी ‘एसएच’ टाइप केलं तर ती ओळ बघितलीच जात नाही. अल्पाइनवर तर बॅश मुळात नसतोच, आणि सिस्टिमडीही नाही. तिथे बिझीबॉक्सचा शेल आणि ओपनआरसी.

डिस्ट्रो ओळखण्यासाठी एपीटी-गेट आहे का, एवढंच पाहणाऱ्या स्क्रिप्ट अजून दिसतात. फेडोराच्या भांडारातूनही एपीटी बसवता येतो, तेव्हा हे लक्षण फसवं. ईटीसीमधली ओएस-रिलीज ही फाइल वाचावी. ती शेललाच समजेल अशा रूपात लिहिलेली असते. तिच्यातल्या ‘आयडी’वरून डिस्ट्रो कळते, ‘आयडी-लाइक’वरून घराणं.

गैरसमज : सेट-ई लिहिलं की स्क्रिप्ट सुरक्षित

सेट-ई चूक होताच थांबवतो, पण ‘इफ’च्या अटीत झालेली चूक त्याला चूक वाटत नाही, आणि पाइपमधली शेवटची कमांड यशस्वी झाली की आधीची फसलेलीही त्याला चालते. त्यात कर्लची खोड अशी की ‘एफ’चा पर्याय दिला नाही तर ४०४चं पानही तो आनंदाने उतरवून घेतो आणि यश कळवतो. तुमच्या कॉन्फिगरेशन फाइलीत मग एचटीएमएल सापडतं.

रिकाम्या व्हेरिएबलची गोष्ट याहून वाईट. जानेवारी २०१५मध्ये स्टीमच्या लिनक्स आवृत्तीतली एक शेल स्क्रिप्ट गाजली. स्टीमचं फोल्डर कोणतं हे शोधताना व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि ‘त्या फोल्डराखालचं सगळं पुसा’ ही ओळ मुळापासून सगळं पुसायला लागली. त्या ओळीच्या वरच लिहिणाऱ्याने ‘स्केअरी!’ अशी टीप टाकलेली होती. सेट-यूने हे थांबलं नसतं, कारण तो न दिलेलं व्हेरिएबल पकडतो, रिकामं नाही. व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह घातलं की रिकामं असतानाही शेल तिथेच थांबतो.

गैरसमज : एकदा चालली, म्हणजे पुन्हाही चालेल

‘लिसन ८०८०’ ही ओळ फाइलीच्या शेवटी जोडणारी स्क्रिप्ट दोनदा चालवा. ओळ दोनदा येते, कॉन्फिगटेस्ट ‘सिंटॅक्स ओके’ म्हणतो, आणि रीस्टार्ट करताच अपाची पत्ता आधीच वापरात असल्याचं सांगून उठायला नकार देतो. वापरणारा तो स्वतःच असतो. दुसऱ्याच्या फाइलीत ओळ जोडण्यापेक्षा आपली स्वतंत्र छोटी फाइल लिहावी. ती कितीदाही लिहिली तरी एकच राहते.

स्क्रिप्टला हात न लावताही ती मोडते. सेंटओएस ८चा आधार ३१ डिसेंबर २०२१ला संपला, नंतर त्याची पॅकेजं नेहमीच्या मिररवरून उचलून ‘व्हॉल्ट’ या जुन्या भांडारात गेली, आणि कालपर्यंत बिनतक्रार चाललेल्या स्क्रिप्ट पहिल्याच इन्स्टॉलला अडकल्या. बऱ्याच जणांनी पत्ता व्हॉल्टचा करून वेळ मारून नेली. पॅकेजं मिळाली, पण नवे सुरक्षा-दुरुस्त्यांचे अपडेट तिथे येत नाहीत. फेडोराच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ओएस-रिलीजमध्येच ‘सपोर्ट-एंड’ नावाची ओळ असते, आधार संपण्याची तारीख सांगणारी. ती वाचून, मुदत टळलेल्या मशीनवर वेब सर्व्हर बसवायला स्क्रिप्टने सरळ नकार द्यावा, हे चारपाच ओळींचं काम आहे.