पोटातल्या बाळाचे दिवस कुठून मोजायचे?



अमेरिकेत सरकारी शाळांत आरोग्याच्या तासाला गर्भाची वाढ शिकवावी, असे कायदे होऊ लागले आहेत. नॉर्थ डकोटा राज्याने 2023 साली तो केला, टेनेसीने 2024 साली. इतर राज्यांतही विधेयके आली. गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंतची वाढ दाखवणारी चित्रफीत मुलांना दाखवावी, असे त्यांत आहे. गर्भपाताला विरोध करणाऱ्या ‘लाइव्ह ॲक्शन’ या संस्थेच्या ‘मीट बेबी ऑलिव्हिया’ या फितीवरून या विधेयकांना नाव पडले, आणि वादही तिच्यावरूनच पेटला.

डॉक्टरांचे आक्षेप पुष्कळ आहेत. त्यातला दिवस मोजण्याचा आक्षेप आपल्याला चटकन कळेल. गाय भरवली त्या दिवसापासून आपण मोजतो. सुमारे 280 दिवसांनी ती विते, म्हैस 310 दिवस घेते. बाईला मात्र गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा ठाऊक नसते. म्हणून दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस धरतात. आपल्या आजीबाईंचे नऊ महिने नऊ दिवस ते हेच! प्रत्यक्ष गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. ती फीत तिथून मोजते. म्हणजे फितीतले सहा आठवडे ते दवाखान्याच्या कार्डावरचे आठ. शास्त्राच्या पुस्तकांतही फितीसारखी मोजणी असते, ती खोटी नव्हे; पण दोन्हींतला फरक सांगितलाच पाहिजे. गर्भपाताविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपणा सर्वांना ठाऊक आहे. तिला अर्धवट सांगितलेल्या हिशेबाचा आधार लागत नाही.

मुलांना हे शिकवावे, असेच माझे मत आहे. आपल्याकडे एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात ते आहे: महिन्यानंतर हृदय तयार होते, दुसऱ्या महिन्याअखेर हातपाय व बोटे येतात. पण बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्या आपल्या मुली किती?

आणि खरी निकड तर त्याआधीची आहे. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू जिच्यापासून होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे 28 दिवसांत मिटते. कार्डाच्या हिशेबाने तो सहावा आठवडा. पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. पुष्कळ सुनांनी तोवर घरात सांगितलेलेही नसते. नळी नीट मिटली नाही तर बाळाच्या कण्यात किंवा डोक्यात व्यंग राहते. फॉलिक ॲसिडने हा धोका बराच कमी होतो, पण ते शरीरात आधीपासून असावे लागते. रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत. मेथी-पालक खावेतच, परंतु शिजवताना त्यातले बरेच सत्त्व जाते; गोळीची जागा भाजी घेत नाही.

लग्न ठरले की आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईंना या गोळ्यांविषयी विचारावे. आधी असे व्यंग असलेले बाळ झाले असेल, तर त्या बाईला याहून पुष्कळ मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची.