एकोणचाळीस मिनिटांची सावली
मुंबईच्या जुन्या कोटातील एक पायी सफर

सहल म्हटली की आपल्याला बस, डबा आणि माहिती सांगणारा वाटाड्या आठवतो. आज मी तुम्हांला वाटाड्याशिवायच्या सहलीला नेणार आहे. तिला लागणारे सामान तुमच्या दप्तरातच आहे. एक कोनमापक, हातभर दोरा, दोऱ्याला बांधायला एक लोखंडी नट, शीतपेय पिण्याची नळी, मोजपट्टी, खडूचे चार-पाच तुकडे, मीटरभर लांबीची सरळ काठी आणि मनगटावर घड्याळ. वही-पेन्सिल आणि पाण्याची बाटली अर्थातच हवी.

गेल्या नाताळच्या सुट्टीत माझी नववीतली भाची आमच्याकडे मुंबईला आली होती. २५ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता आम्ही दोघे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे होतो. समोरची भव्य इमारत पाहून ती म्हणाली, "मामा, हे सगळं इंग्रजांनी बांधलं. त्यांनी आपल्यावर राज्य केलं. मग आपण हे कौतुकाने का बघायचं?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिले नाही. "आधी चालू, मोजू, मग बोलू," एवढेच म्हटले.

कोट गेला, नाव राहिले

या भागाला 'फोर्ट' किंवा 'कोट' म्हणतात, पण कोट कुठे दिसत नाही. इंग्रजांच्या जुन्या मुंबईभोवती खरोखरच तट होता आणि त्याला दरवाजे होते. १८६० नंतरच्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, हा तट पाडण्यात आला. शहर वाढले होते आणि तटाचा उपयोग संपला होता. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आज आपण पाहतो त्या बहुतेक मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आमच्या समोरचे स्थानक त्यांतलेच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे ते १८७८ ते १८८८ या काळात बांधले गेले.

भिंतींकडे बारकाईने पाहा. पाने, फुले, पक्षी, माकडे असे कोरीवकाम जागोजाग दिसेल. त्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता. छपराजवळ भिंतीतून बाहेर डोकावणारे प्राणी निव्वळ शोभेचे नसतात. छपरावर पडलेले पावसाचे पाणी त्यांच्या तोंडातून भिंतीपासून दूर फेकले जाते. पाणी भिंतीवरून ओघळत राहिले, तर ते दगडांच्या सांध्यांत मुरून भिंत खराब करते.

दादाभाई नौरोजी मार्गाने आम्ही दक्षिणेकडे निघालो. दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली कमानींचे लांबच लांब ओटे आहेत. उन्हात आणि पावसात पादचाऱ्याला आडोसा मिळावा अशी ही सोय. दहा-बारा मिनिटांत आम्ही हुतात्मा चौकात पोहोचलो. येथील फ्लोरा फाउंटन हे कारंजे १८६४ मधले. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. पूर्वी कोटाचा चर्चगेट हा दरवाजा येथेच जवळ होता. ज्या चर्चवरून त्याला नाव मिळाले ते चर्च पूर्वेला हाकेच्या अंतरावर आहे. दरवाजा कधीच गेला, पण त्याचे नाव पश्चिमेकडच्या रेल्वे स्थानकाला आजही आहे.

जेथून अंतरे मोजली जात

ते चर्च म्हणजे सेंट थॉमस. १७१८ च्या नाताळच्या दिवशी ते प्रार्थनेसाठी खुले झाले. आम्ही गेलो तेव्हा आत नाताळचीच प्रार्थना चालू होती, म्हणून आम्ही बाहेरच थांबलो. जुन्या मुंबईत मैलांची अंतरे या चर्चपासून मोजत. 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल' असे रोमन आकड्यांत कोरलेले मैलाचे दगड शहरात काही ठिकाणी आजही आढळतात.

भाचीने विचारले, "पण चर्चपासूनच का?"

भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यातच याचे उत्तर आहे. अंतर सांगायचे तर आरंभबिंदू ठरवावा लागतो. तो कोणता असावा हे निसर्ग सांगत नाही. ते माणसे ठरवतात, आणि बहुधा ज्याच्या हाती सत्ता असते तोच ठरवतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

खडूचा प्रयोग

चर्चपासून पुढे हॉर्निमन सर्कल लागते. स्वातंत्र्यलढ्याची बाजू घेतल्याबद्दल १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केलेले संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव या चौकाला आहे. त्याच्या पूर्वेला उंच पायऱ्यांची पांढरी इमारत दिसते, ती जुनी टाउन हॉलची म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची. ती १८३३ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पायऱ्यांवर बसून आम्ही खडू बाहेर काढले.

खडू दोन्ही हातांनी धरून वाकवा. लगेच मोडतो. आता सारख्या उंचीचे चार तुकडे उभे ठेवा आणि त्यांवर वह्यापुस्तके रचत जा. किती भार पेलतात पाहा! दगडाचेही असेच आहे. त्याला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आडवी दगडी तुळई भाराने किंचित वाकते, तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दगड तडकतो तो या खालच्या बाजूला. म्हणून ग्रीक धाटणीच्या इमारतींत खांब जवळजवळ असतात.

आता स्थानकाच्या कमानी आठवा. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलून त्याला दाबतो. ताण जवळजवळ कुठेच येत नाही, म्हणून लहान दगडांनीही रुंद जागा ओलांडता येते. मात्र कमान आपल्या पायांना बाहेर ढकलते, आणि तो रेटा सोसायला बाजूला जाड भिंत किंवा दुसरी कमान लागते. टोकदार कमानीचा रेटा गोल कमानीपेक्षा कमी असतो. गॉथिक इमारती इतक्या उंच जाऊ शकतात, त्याचे हे एक कारण.

लोखंडाचे घर

तेथून आम्ही काळा घोडा भागात आलो. येथे डेव्हिड ससून ग्रंथालयाची पिवळसर मालाड दगडाची इमारत आहे. तिची जन्मकथा तुम्हांला आवडेल. १८४७ मध्ये टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण यंत्रकारागिरांनी यंत्रे आणि विज्ञान यांच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली, तिच्यातून हे ग्रंथालय उभे राहिले.

जवळच पूर्वीच्या वॉटसन हॉटेलची इमारत आहे. १८६० नंतरच्या दशकाअखेरीस उभ्या राहिलेल्या या इमारतीचा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजाने मुंबईला आले आणि येथे जोडले गेले. भार सांगाडा पेलत असल्यामुळे भिंती जाड करण्याची गरज उरली नाही. आजच्या उंच इमारतींमागची कल्पना हीच. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली तीही येथेच.

आज मात्र या इमारतीकडे पाहून वाईट वाटते. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळून प्राणहानी झाली, आणि २०१९ मध्ये राहिलेल्या रहिवाशांना आणि दुकानदारांना ती रिकामी करावी लागली. लोखंड, दमट हवा आणि समुद्राचे क्षार एकत्र आले की गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते, त्यामुळे तो फुगून आजूबाजूचे बांधकाम फोडतो. दगड शतकानुशतके टिकतो म्हणून आपण निष्काळजी राहतो. लोखंडाच्या बाबतीत तसे चालत नाही.

मनोरा मोजताना झालेली फजिती

साडेअकराच्या सुमारास आम्ही ओव्हल मैदानावर आलो. क्रिकेटचे सामने रंगले होते. एका कडेला जमिनीत काठी ओळंब्यात रोवली आणि तिच्याभोवती, त्या क्षणी सावलीचे टोक जेथे होते तेथून, एक वर्तुळ काढले. वेळ टिपली, ११ वाजून ४० मिनिटे. हा आपल्या प्राचीन ज्योतिषांचा शंकू. सावली वर्तुळाच्या आत शिरते, आखूड होते, पुन्हा वाढते आणि दुपारी वर्तुळाला दुसऱ्या बाजूने टेकते. या दोन वेळांच्या बरोबर मध्ये खरी मध्यान्ह असते.

तोवर समोरचा राजाबाई मनोरा मोजायचे ठरवले. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला हा घड्याळ-मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. कोनमापकाला नळी चिकटवली, मध्यबिंदूतून नट बांधलेला दोरा सोडला आणि नळीतून टोक पाहिले की उन्नतांश कोन मिळतो. पण मनोरा रस्त्यापलीकडे, कुंपणाच्या आत, त्यामुळे पायथ्यापर्यंतचे अंतर मोजता येईना. यावर उपाय दोन जागांवरून कोन घेणे. पहिल्या प्रयत्नात मी मागे फक्त दहा मीटर सरकलो. दोन्ही कोन जवळजवळ सारखेच आले आणि उत्तर काहीच्या बाही निघाले. भाची पोट धरून हसली. भौतिकशास्त्राच्या मास्तरांना हे आधी सुचायला हवे होते!

मग आम्ही सरळ रेषेत ५० मीटर मागे गेलो. जवळच्या जागी कोन ४० अंश होता, लांबच्या जागी २९ अंश. कोज्या भागिले ज्या, म्हणजे कोटिस्पर्श, अनुक्रमे १.१९ आणि १.८०. त्यांची वजाबाकी ०.६१. पन्नासला ०.६१ ने भागले तर सुमारे ८२ मीटर, आणि डोळ्याची जमिनीपासूनची उंची दीड मीटर मिळवून साडेत्र्याऐंशी. मनोऱ्याची नोंदलेली उंची ८५ मीटर आहे. आनंद झाला, पण फार मिरवू नये. लांबचा कोन २९ ऐवजी साडेएकोणतीस वाचला असता, तर उत्तर सुमारे पाच मीटरने वाढले असते.

कोणाच्या घड्याळात बारा?

एव्हाना मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते, पण सावली अजून आखूडच होत होती. भाचीला घड्याळ बिघडल्याची शंका आली. दुपारी १ वाजून ३७ मिनिटांनी सावली वर्तुळाला पुन्हा टेकली. ११.४० आणि १.३७ यांचा मध्य येतो १२ वाजून साडेअडतीस मिनिटे. म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या मागे सुमारे ३९ मिनिटे!

याचे कारण सोपे आहे. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर. फरक ९.७ अंश, त्याला चाराने गुणले की ३९ मिनिटे. (इतर दिवशी यात काही मिनिटांची भर किंवा घट होते, कारण सूर्याभोवती पृथ्वीचा वेग सारखा नसतो आणि तिचा आस कललेला आहे. २५ डिसेंबरच्या सुमारास ही दुरुस्ती जवळजवळ शून्य असते, म्हणून मी तो दिवस निवडला.)

एके काळी मुंबईची घड्याळे सूर्याप्रमाणे, म्हणजे 'मुंबई वेळे'वर चालत. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर, अर्धा तास पुढे धावे. १८८१ मध्ये सरकारने मद्रास वेळ शहराला लावू पाहिली, पण विरोधामुळे ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली, तरी मुंबईकरांनी आपली वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सांभाळली. प्रमाणवेळेत शास्त्रीय चूक काहीच नव्हती. लोकांचा राग होता तो न विचारता ती लादण्यावर. स्वतंत्र देशाने पुढे तीच वेळ आपली मानली, कारण एका देशाच्या गाड्या, तार आणि आकाशवाणी एका घड्याळावर चालणे सोयीचे होते.

परतताना आम्ही मैदानाच्या मध्यावर थांबलो. पूर्वेला विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाच्या दगडी इमारती. पश्चिमेला, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, १९३० नंतरच्या दशकातल्या काँक्रीटच्या गुळगुळीत इमारती. काँक्रीट दाब सोसते, त्यातल्या पोलादी सळया ताण सोसतात. सकाळच्या खडूला सापडलेले हे उत्तर. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मग मी सकाळच्या प्रश्नाकडे वळलो. मनोऱ्याचा आराखडा इंग्रज वास्तुविशारदाचा, हे खरे. पण त्यासाठी दोन लाख रुपये दिले प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने, आणि मनोऱ्याला नाव आहे त्याच्या आईचे. दगड फोडले, वाहिले आणि घडवले ते येथल्याच मजुरांनी, पाथरवटांनी. त्यांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत. राज्यकर्त्यांनी या इमारती आपला दबदबा दाखवण्यासाठीही बांधल्या, हे विसरण्याचे कारण नाही.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे कौतुक करायचं, पण कुणाचं ते बघून." तिने वहीत मोजमापांच्या खाली एक रिकामी ओळ सोडली आणि तिच्यासमोर लिहिले, 'पाथरवट'.

तुम्ही करून पाहा

यासाठी मुंबईलाच यायला हवे असे नाही. तुमच्या गावात जुनी कचेरी, रेल्वे स्थानक, पूल, घड्याळाचा मनोरा किंवा मैलाचा दगड असेलच. चार मित्र जमवा, मार्ग आखा, शिक्षकांना बरोबर घ्या. कोणता दगड, कोणती कमान, पाणी कुठून निचरते, गंज कुठे चढला आहे, ते टिपा. उंची दोन जागांवरून मोजा, आणि माझ्यासारखे दहाच मीटर सरकू नका! मग ८२.५ मधून आपल्या गावाचा रेखांश वजा करून चाराने गुणा. पुण्याची सुमारे ३५ मिनिटे येतील, नागपूरची १४. शेवटी काठी रोवून सावलीला विचारा. तुमच्या गावाची मिनिटे किती?