कॉलेजची फी आणि अमेरिकेतील करसवलत

अमेरिकेत मुलांच्या कॉलेजची फी भरणाऱ्या पालकांसाठी प्राप्तिकरातली मुख्य सवलत म्हणजे ‘अमेरिकन अपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट’. जुन्या ‘होप क्रेडिट’चा विस्तार करून ती २००९ साली आली आणि २०१५ मध्ये कायम झाली. भारतात जुन्या करप्रणालीत ट्यूशन फी उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे किती कर वाचेल हे कराच्या दरावर ठरते. क्रेडिट मात्र थेट करातूनच वजा होते: हजार डॉलरचे क्रेडिट म्हणजे कर हजार डॉलरने कमी.

पदवीच्या पहिल्या चार वर्षांत, किमान अर्धवेळ शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्चाचे पहिले २,००० डॉलर पूर्ण आणि पुढच्या २,००० डॉलरचे २५ टक्के असे वर्षाला जास्तीत जास्त २,५०० डॉलर मिळतात. कर शून्यावर आला तरी उरलेल्या क्रेडिटपैकी १,००० डॉलरपर्यंतची रक्कम रोख परत मिळू शकते. बेताच्या उत्पन्नाच्या घराला खरा आधार आहे तो याच तरतुदीचा.

खर्चात ट्यूशन, सक्तीची शुल्के आणि अभ्यासक्रमाची पुस्तके येतात. राहणे, जेवण, प्रवास येत नाही. करमुक्त शिष्यवृत्ती त्यातून वजा होते. समजा, फी ९,००० डॉलर आणि शिष्यवृत्ती ६,०००. उरलेल्या ३,००० वर २,२५० डॉलर क्रेडिट बसते. पुस्तकांवर आणखी १,००० खर्च झाले असतील, तर पुरते २,५००. कॉलेजकडून येणाऱ्या ‘१०९८-टी’ फॉर्मवर फी आणि शिष्यवृत्ती दिसते, बाहेरून घेतलेली पुस्तके दिसत नाहीत. म्हणून पावत्या जपायलाच हव्यात. शिक्षणासाठीच्या ‘५२९’ बचत खात्यातून करमुक्त काढलेल्या पैशांनी भागवलेला खर्च पुन्हा इथे दाखवता येत नाही. तेव्हा निदान ४,००० डॉलर त्या खात्याबाहेरून भरणे शहाणपणाचे. जानेवारी ते मार्चदरम्यान सुरू होणाऱ्या सत्राची फी डिसेंबरातच भरली, तर ती सरत्या वर्षात धरली जाते.

मूल पालकांच्या विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवलेले असेल, तर फी आजोबांनी भरली तरी क्रेडिट पालकांनाच मिळते. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याचे उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेले की क्रेडिट घटू लागते आणि १,८०,००० ला संपते. एकट्या पालकासाठी हेच आकडे ८०,००० आणि ९०,००० आहेत. पती-पत्नींनी वेगवेगळी विवरणपत्रे भरली तर काहीच मिळत नाही. महागाईनुसार या मर्यादा वाढत नाहीत, हा मध्यमवर्गावर अन्यायच आहे.

पाचवे वर्ष, पदव्युत्तर शिक्षण किंवा एखादाच कोर्स असेल, तर ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ आहे: १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाचे २० टक्के, पण मुले कितीही असली तरी एका विवरणपत्रावर कमाल २,००० आणि रोख परतावा नाही. एकाच विद्यार्थ्यासाठी एका वर्षी दोन्ही घेता येत नाहीत. मागणी दोन्हींची ‘८८६३’ क्रमांकाच्या फॉर्मवरच करायची असते.