तुमच्या घरातला लाडका फोटो कोणता?

लग्नाच्या अल्बममधला सांगू नका हं! तो पैसे देऊन काढून घेतलेला असतो. आपल्याला हवा आहे तो घरातल्याच कुणीतरी हौसेनं काढलेला. आजोबांनी, मावशीनं, नाहीतर तुम्ही स्वतः. पाहुणे आले, चहा झाला, की ‘अगं, तो दाखव ना!’ म्हणून जो बाहेर निघतो, तो.

पिंपरी-चिंचवडच्या घराघरांतून असे फोटो काढायला बसलं, तर काय काय निघेल बघा. नव्या स्कूटरला हार घातलाय, कुंकवाचं स्वस्तिक काढलंय आणि सगळं कुटुंब शेजारी परेडला उभं असल्यासारखं ताठ! कुणाकडे पवनेच्या पुराचा फोटो असेल, मोरया गोसावींच्या समाधी मंदिराला पाण्यानं वेढलेलं. कुणाकडे तुकोबांच्या पालखीचा. देहूहून निघालेली पालखी आकुर्डीला मुक्काम करते आणि मग जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं पुण्याकडे जाते. पुढे टाळ-मृदंग आणि डोक्यावर तुळस, मागे कारखान्यांच्या लांबच लांब भिंती. असा फोटो पंढरपुरातसुद्धा मिळायचा नाही!

आज खिशातल्या मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो निघतात. पण तुमच्या आजी-आजोबांच्या काळात अनेक घरांत पहिला कॅमेरा आला तो आगफा क्लिक थ्री. काळा, चौकोनी, खेळण्यासारखा दिसणारा. एका रोलमध्ये फक्त बारा फोटो! कॅमेऱ्यावर एक खटका असायचा, त्यावर ऊन आणि ढग. आज आकाश कसं आहे ते बघायचं आणि खटका सरकवायचा. पाठीमागच्या छोट्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत रोल गुंडाळायचा. विसरलात, तर एका फोटोवर दुसरा फोटो! मग रोल धुवायला द्यायचा आणि वाट बघायची. म्हणूनच त्या बारा फोटोंमधला एकेक का काढला, ते आजोबांना आजही आठवतं.

आता या फोटोंमध्ये काय नाही, ते सांगतो. बाबा किंवा आजोबा ज्या मशीनवर वर्षानुवर्षं उभे राहिले, त्या मशीनचा फोटो बहुतेक घरांत नसतोच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिन बनवणारा सरकारी कारखाना स्थापन झाला. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, टेल्को आली (आजची टाटा मोटर्स), आणि गावोगावची माणसं कामासाठी इथे आली. शेतं होती तिथे शेड उभ्या राहिल्या. पुढे चाकणकडेही तेच झालं. एवढं सगळं बदलत होतं, पण गेटच्या आत कॅमेरा न्यायला मनाई! आजही कित्येक कारखान्यांत मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावूनच आत सोडतात. कारण सरळ आहे, नव्या गाडीचं गुपित बाहेर फुटायला नको. ते बरोबरच, पण त्यामुळे घरच्या अल्बममध्ये बारसं, मुंज, महाबळेश्वरची सहल सगळं असतं आणि आयुष्याचा मोठा भाग मात्र नसतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, काही ठिकाणी त्या दिवशी घरच्यांनाही आत नेतात. अशा वेळी परवानगीनं काढलेला, यंत्राला झेंडूचा हार घातलेला एखादा फोटो तुमच्या घरात असेल, तर तो सोन्याहून मोलाचा समजा.

मोटारींचा विषय निघालाच आहे, तर एका फ्रेंच मुलाची गोष्ट सांगायलाच हवी. त्याचं नाव ज्याक-आन्री लार्तिग. जन्म १८९४चा. जेमतेम सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला कॅमेरा दिला आणि हा पठ्ठ्या घरच्यांच्या उड्या, घसरगाड्या, पतंग, विमानं, मोटारी, जे पळेल ते टिपत सुटला. अठराएक वर्षांचा असताना त्यानं मोटारींच्या शर्यतीत एक फोटो काढला. गाडी इतकी सुसाट की अर्धी चौकटीबाहेर गेली. चाक गोल न दिसता अंड्यासारखं लांबट, पुढे झुकलेलं. आणि कडेचे प्रेक्षक उलट्या बाजूला कललेले, जणू वाऱ्यानं ढकलले! ‘फसला!’ म्हणून त्यानं तो बरीच वर्षं बाजूला ठेवला.

असं का झालं? त्याच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एक सरकती फट होती. फोटोचा एक भाग आधी टिपला जायचा, दुसरा किंचित नंतर. तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली, शिवाय लार्तिगनं कॅमेराही गाडीबरोबर फिरवलेला. म्हणून चाक एकीकडे झुकलं आणि माणसं दुसरीकडे. तुमच्या मोबाइलमध्येही थोडं असंच होतं. जोरात फिरणाऱ्या पंख्याचा फोटो काढा, पाती वाकडी दिसतील.

लार्तिग पोटापाण्यासाठी फोटोग्राफर नव्हता, स्वतःला तो चित्रकार म्हणवायचा. फोटो ही हौस. पण रोज डायरी लिहायचा, हवा कशी होती ते टिपायचा आणि त्या दिवशी काढलेल्या फोटोंची छोटी रेखाटनंसुद्धा करून ठेवायचा. शंभराहून जास्त अल्बम भरले. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. आणि तो ‘फसलेला’ फोटो आज वेगाचं चित्र म्हणून जगभर दाखवतात. आता बोला!

फ्रान्स लांब राहिलं. पण चाकणच्या शेजारच्या तळेगाव दाभाड्यातही असा एक हौशी छायाचित्रकार राहायचा. गो. नी. दांडेकर! हो, ‘माचीवरला बुधा’ आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिणारे आपले गोनीदा (१९१६-१९९८). लेखणीचा माणूस, पण गडकिल्ल्यांचं भारी वेड, राजगडावर तर विशेष जीव. ते गड चढले ते कॅमेरा घेऊन. त्यांच्या फोटोंमधून निवडून ‘गगनात घुमविली जयगाथा’ नावाचं पुस्तकही निघालं. किल्ल्यावर आपण गेलो की दरवाजासमोर दात काढून उभे राहतो, मागचा किल्ला कानामागे झाकलेला! गोनीदांचा कॅमेरा वळायचा तो गडाकडे. निम्मे फोटो तसे काढून बघा.

सुरुवात चाकणच्याच संग्रामदुर्गापासून करता येईल. १६६० साली शाहिस्तेखानाच्या भल्यामोठ्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट दीड महिन्याहून अधिक काळ लढवला. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला. आज गावाच्या वस्तीत थोडी तटबंदी, बुरूज आणि खंदकाच्या खुणा उरल्यात. तुमच्या आजोबांनी काढलेला तिथला जुना फोटो घरात असेल, तर त्याच जागी उभे राहून आज एक काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

आणि आई-बाबा, हे तुमच्यासाठी. कपाटातला तो बिस्किटांचा डबा खाली काढा. फोटो पालथे करून मागे मऊ पेन्सिलीनं, न दाबता लिहा: कोण, कुठे, कधी आणि कुणी काढला. काढणाराच फोटोत नसतो, म्हणून त्याचं नाव सगळ्यात आधी विसरलं जातं. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढून उठतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो पिवळे पडतात, तिथून ते सुटत असतील तर हळूच सोडवून साध्या कागदी पाकिटात ठेवा. जोर मात्र करू नका, फाटायचे!

डब्याच्या तळाशी निगेटिव्हच्या पट्ट्या सापडतील. त्या टाकू नका! मोबाइलच्या पांढऱ्याशुभ्र स्क्रीनसमोर कडेनं धरा, दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढा आणि त्यातले रंग उलटे करा. काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची ती बाई म्हणजे शाळकरी आजी निघेल, दोन वेण्या घातलेली.