कापसाच्या यार्डातली नजर

सकाळी ६.००
नोव्हेंबर. आदिलाबादची थंडी बोटांना झोंबते. भाऊ आपल्या फोटो स्टुडिओचं शटर अर्धं वर करतात, बॅटरी चार्जरवरून काढतात. एक कॅमेरा बॉडी, एक फिफ्टी एमएमची लेन्स. झूम इथंच राहतो. "झूम असला की माणूस जागचा हलत नाही."

सकाळी ७.००
मार्केट यार्ड. गाड्या रात्रीपासून रांगेत. मराठी, तेलुगू, गोंडी एकाच वेळी कानावर येते. दहा रुपयांचा चहा घेऊन भाऊ उभे राहतात. कॅमेरा अजून पिशवीतच.

सकाळी ८.३०
आर्द्रता मोजायचं यंत्र कापसात खुपसलं जातं. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये. आर्द्रता ८ च्या वर गेली की भाव कापला जातो. १२ च्या वर गेली तर भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेत नाही. सगळे आकड्याकडे बघतात. भाऊ शेतकऱ्याकडे. आकडा कळलाय, तोंडातून शब्द निघालेला नाही, तेवढ्यात बटण दाबतात.

"माह्या तोंडाचा कायले काढता भाऊ? कापूस पाहा ना."
"दोन्ही येते काका."

पांढऱ्या ढिगापुढे कॅमेरा फसतो, कापूस राखाडी करतो. भाऊ उजेड एक स्टॉप वाढवतात. जास्त वाढवला तर धागा जळतो, कमी केला तर चेहरा बुडतो. पूर्वी ते पागोटी आणि सुरकुत्या टिपत. ते फोटो कुणाचेही वाटत, म्हणून सोडले.

सकाळी १०.३०
स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, आठ प्रतींचे ऐंशी रुपये. त्यातून कागद, शाई, वीज. कापूस वेचणारी एक बाई बँकेच्या कामासाठी आली आहे. "काकू, हनुवटी जराशी खाली." चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, हे भाऊ याच स्टुलासमोर शिकले.

दुपारी २.३०
गिऱ्हाईक नाही. सकाळच्या फ्रेम संगणकावर. शंभरावर काढल्या, तीन ठेवल्या. सुंदर पण ओळखीची वाटणारी आधी जाते.

संध्याकाळी ६.००
बारशाची ऑर्डर, अडीच हजार. लाइट धरणाऱ्या पोराला पाचशे. इथं झूम लागतो. आत्या, मामा, सगळे फ्रेममध्ये यायला हवेत. त्यातही कसूर नाही.

रात्री ९.३०
जेवण झालं. मोबाइलवर ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी काढलेले फोटो. १९४० च्या दशकात हे मानववंशशास्त्रज्ञ मारलवाई गावात गोंडांमध्ये राहिले. त्यांचा फोटोसंग्रह आज लंडनच्या सोआस विद्यापीठात आहे. भाऊ एकच बघतात: कॅमेरा किती उंचीवर, किती जवळ.

यार्डातल्या फोटोंचा एक रुपया मिळत नाही. तो खर्च पासपोर्ट आणि बारशी भागवतात. पण ज्याला स्वतःची नजर हवी असेल त्यानं लांबचं तिकीट काढण्याआधी आपल्या गावच्या एका जागी हंगामभर उभं राहून बघावं.