पायाच्या आधी उभं राहणारं घर

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईतली साइट ऑफिसं एका रात्रीत ओस पडली. बांधकामं थांबली, मजूर गावाकडे निघाले, पगार कापले गेले. अर्धवट इमारतींवरच्या कर्जाचं व्याज मात्र चढतच राहिलं. त्या उन्हाळ्यात बिल्डरांच्या विक्री विभागांना आधार उरला तो चित्राचा. मोबाइलवर बोटाने फिरवून चहूबाजूंनी बघता येणारा फ्लॅट, ड्रोनने टिपलेला वरच्या मजल्यावरचा देखावा, व्हिडिओ कॉलवर ग्राहकाला हॉलमधून बाल्कनीत नेणारा सेल्समन. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने स्टॅम्प ड्युटीत डिसेंबरअखेरपर्यंत तीन टक्क्यांची आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांची सवलत जाहीर केली. घर बसल्या जागी दिसत होतं आणि सवलतीची मुदत संपत येत होती. जागेवर पाऊल न ठेवता टोकन देण्याची भीड तेव्हा चेपली, ती आजही चेपलेलीच आहे.

मंदीतच चित्रावरून घर विकण्याच्या या तंत्राला इतका जोर का येतो, हे समजून घेण्यासारखं आहे. हात आखडला की गिऱ्हाईक तयार घराकडे वळतं. ताबा लगेच मिळतो, भाडं आणि हप्ता असा दुहेरी भार पडत नाही, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नसतो. बांधकाम चालू असलेल्या घरावर एप्रिल २०१९ पासून पाच टक्के, परवडणाऱ्या गटातल्या घरावर एक टक्का जीएसटी आहे. बिल्डरची गरज याच्या नेमकी उलट असते. आपल्याकडे बांधकामाचा मोठा खर्च बुकिंगच्या पैशातून निघतो. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोसळली, बिगरबँक वित्तसंस्थांकडून येणारा पैसा आटला आणि बुकिंगवरची भिस्त आणखी वाढली. जे उभं नाही ते विकल्याशिवाय ते उभंच राहणार नाही, अशा पेचात चित्रावर फार मोठी जबाबदारी येऊन पडते. इमारतीचं भांडवल ते गोळा करत असतं. म्हणून ते करारनाम्याइतक्याच बारकाईने वाचलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या घरातून फिरवून आणणारं हे चित्र, तयार होतो तो आर्किटेक्टच्या नकाशावरूनच. संगणकावर भिंती उभ्या करतात, त्यांवर लाकूड, संगमरवर, कापड यांचा पोत चढवतात, उजेड सोडतात आणि एकेक चित्र रेंडर करून घेतात. मापं नकाशातली असतील तर भिंती खऱ्या असतात. फसगत होते ती कॅमेऱ्यामुळे. संगणकातला कॅमेरा भिंतीच्या पलीकडे ठेवून ती भिंतच अदृश्य करता येते. प्रत्यक्षात तिथे उभं राहायला जागाच नसते, पण चित्रात खोली त्या अंतरावरून दिसते. त्यात भिंग रुंद कोनाचं असलं की दहा फुटांची खोली दालन वाटू लागते. सामानही हवं तेवढं आखूड करता येतं. साधा हिशेब करून बघा. क्वीन साइझ पलंग साडेसहा फूट लांब असतो आणि कपाट दोन फूट खोल. दहा फुटांच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी समोरच्या भिंतीला कपाट लावलं, तर मध्ये उरतं दीड फूट. कपाटाचं दारसुद्धा धड उघडणार नाही. चित्रात मात्र त्याच जागी गालिचा आणि खुर्ची दिसते. सॅम्पल फ्लॅटमध्ये दारं काढून टाकणं, भिंतीच्या जागी काच लावणं, हे प्रकार जुनेच आहेत. तिथे निदान टेप लावता यायची.

उजेडाचंही तसंच. इमारतीचा अक्षांश आणि उत्तर दिशा अचूक भरली, तर कोणत्या महिन्यात किती वाजता ऊन कुठवर येईल, हे हेच सॉफ्टवेअर चोख सांगतं. पण आपल्याला दाखवतात ती बहुतेकदा एकच सोनेरी संध्याकाळ, उत्तरेकडच्या खोलीतसुद्धा. खरं तर तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. या तंत्राची खरी ताकद अशी वाया जाते, याचं मला वाईट वाटतं. डिसेंबरातली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार दाखवा, असं ग्राहकाने मागितलं पाहिजे. ज्याच्याकडे मॉडेल आहे, त्याला ते अवघड नाही.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते कुंपणाबाहेर. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चित्रात हिरवळ असते. उद्या तिथे तितकाच उंच टॉवर उठू शकतो. दारासमोरून जाणारा रुंद डीपी रोड विकास आराखड्यात असेल, पण जमीन ताब्यात आलेली नसेल तर वर्षानुवर्षं कागदावरच राहतो. ड्रोनचा देखावा आजचा असतो, ताबा मिळेल तेव्हाचा नव्हे. आणि क्लब हाउस, पोहण्याचा तलाव कोणत्या फेजमध्ये येणार, हे चित्र सांगत नाही.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं. रेरा या स्थावर संपदा कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्यातल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल, तर सगळी रक्कम व्याजासह परत. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत विक्री करार झाल्याशिवाय घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. मंजूर नकाशा, ताब्याची तारीख, किती घरं विकली गेली, दर तीन महिन्यांनी भरायची प्रगती, सगळं तिथे बघता येतं. कार्पेट क्षेत्रही तिथलंच धरायचं. त्यात आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची येत नाही.

टोकन देण्याआधी वॉकथ्रूची फाइल ईमेलवर मागवा, तारखेसकट. फोनवर आलेली लिंक उद्या बंद होऊ शकते. त्यात दिसणारी प्रत्येक सोय करारनाम्याच्या परिशिष्टात आहे का, कोणत्या फेजमध्ये आणि कधीपर्यंत, हे ओळीने ताडून बघा. जी सापडणार नाही तिच्याबद्दल लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. परदेशात असाल तर भावाला, मेहुणीला एका कामाच्या दिवशी जागेवर पाठवा. किती मजूर कामावर आहेत, कितवा स्लॅब पडलाय आणि महारेराच्या पानावर कितवा लिहिलाय, एवढं त्यांनी बघून यावं.